गाझान खान १२९५ मध्ये मुसलमान झाला, मग ममलूकांशी युद्ध का थांबलं नाही?

कागदवाचक

इराणवर राज्य करणाऱ्या मंगोल इलखानी घराण्यातला गाझान खान जून १२९५ मध्ये मुसलमान झाला आणि पाच महिन्यांच्या आत तख्तावर बसला. 'सत्तेसाठी धर्म बदलला' असं एका ओळीत लिहून बहुतेक पुस्तकं पुढे सरकतात. मला त्या ओळीच्या आतलं हवं आहे, कारण तीन गोष्टी जुळत नाहीत.

इराणची प्रजा मुसलमान होती हे कबूल, पण तख्त प्रजा देत नव्हती, मंगोल अमीर देत होते. मग कलमा पढून तख्ताच्या भांडणात नेमका फायदा काय झाला? दुसरं, काहिराचे ममलूक (गुलाम-शिपायांतून वर आलेले मिसरचे राज्यकर्ते) मुसलमान आणि आता गाझानही मुसलमान, तरी १२९९ ते १३०३ या काळात शामवर (सीरियावर) तीनदा स्वारी. हे कसं? आणि तिसरं, बौद्ध मंदिरं, चर्च पाडायचा हुकूम निघाला आणि नंतर मागे घेतला असं वाचलं. तो कितपत अमलात आला? आणि त्यापलीकडे राज्यकारभारात काय बदललं?

नौबत

पहिल्या प्रश्नाचं उत्तर १२९५ च्या घटनाक्रमात आहे, तेव्हा तो आधी महिन्यांनुसार लावून घ्या.

मार्चमध्ये गेखातू इलखानाचा अमीरांनीच काटा काढला. एप्रिलमध्ये त्याचा चुलतभाऊ बायदू तख्तावर आला. गाझान हा गेखातूचा पुतण्या, खुरासानचा सुभेदार, वय २३. हाताशी पूर्व सरहद्दीची फौज होती, पण बायदूच्या मानाने ती तोकडी पडत होती. मे महिन्यात दोन्ही फौजा समोरासमोर आल्या, थोडी चकमक झाली, बोलणी झाली आणि गाझान मागे फिरला. तलवारीच्या जोरावर हा निकाल लागणार नाही, हे तेव्हाच स्पष्ट झालं होतं.

जूनमध्ये (हिजरी ६९४, शाबान) दमावंद पर्वताजवळच्या लार कुरणात, बापाने बांधलेल्या उन्हाळी महालात, त्याने शेख सद्रुद्दीन इब्राहीम हम्मुयाच्या हातून इस्लाम स्वीकारला. आधी स्नान केलं, मग शेखाच्या वडिलांचा, म्हणजे सादुद्दीन हम्मुयाचा लोकरी झगा अंगावर घेतला. नाव घेतलं महमूद. पाठोपाठ आलेल्या रमजानचे रोजे पाळले आणि मग पश्चिमेकडे कूच केलं. ४ ऑक्टोबरला बायदू मारला गेला. ३ नोव्हेंबरला कॉकेशसच्या दक्षिणेला, अर्रानमधल्या काराबागेत गाझान तख्तनशीन झाला. मधल्या काळात मोठी लढाई झालीच नाही. चोबान, कुरुमिशी आणि शेवटी खुद्द तगाचार असे अमीर एकेक करून बायदूला सोडून गाझानकडे आले.

आता फायदा कुठे झाला ते पाहा. चंगेझचा नातू आणि या घराण्याचा मूळपुरुष हुलागू इराणात आला १२५६ च्या सुमारास. चाळीस वर्षांत साध्या मंगोल शिपायांत आणि मधल्या फळीच्या अमीरांत इस्लाम बराच मुरला होता. गाझानचा मुख्य पाठीराखा नौरोझ, ओइरात जमातीचा, अर्गुन आकाचा मुलगा, स्वतः कट्टर मुसलमान. त्याने मदतीच्या बदल्यात जी अट घातली ती हीच. म्हणजे राजा मुसलमान झाला म्हणून फौज झाली, हा क्रम उलटा आहे. फौजेचा एक मोठा गट आधीच मुसलमान होता, त्याला आपला माणूस म्हणून दाखवता येईल असा राजपुत्र हवा होता, आणि बायदू तसा पुढे आला नव्हता.

याची उलट बाजूही लक्षात ठेवा. १२८२ मध्ये तगुदार हा इलखान 'अहमद' नाव घेऊन तख्तावर बसला होता, काहिराला सलोख्याची पत्रंही धाडली. १२८४ मध्ये गाझानच्याच बापाने, अर्गुनने, त्याला पाडून मारलं. धर्म तोच, पण अहमदच्या पाठीशी अमीरांचा पक्का गट नव्हता. नुसत्या धर्मांतराने तख्त मिळत किंवा टिकत असतं तर अहमदचं टिकलं असतं.

श्रद्धा किती होती? गाझान बौद्ध बख्शींच्या (भिक्षूंच्या) देखरेखीखाली वाढला, खबुशानला त्याने बौद्ध मंदिरंही बांधली होती. धर्मांतरानंतरचा एक प्रसंग अरबी लिखाणात आलाय तो बोलका आहे. बापाची विधवा बुलुघान खातून हिच्याशी त्याला लग्न करायचं होतं. मंगोल रिवाजात सावत्र आईशी लग्न चालतं, शरियतीत बापाची बायको कायमची निषिद्ध. कोंडी अशी झाली की गाझान इस्लाम सोडायच्या बेताला आला. तेव्हा एका आलिमाने वाट काढली: अर्गुन काफिर होता, सबब त्याचं लग्नच शरियतीत लग्न नव्हतं, सबब ही स्त्री 'बापाची बायको' ठरत नाही. लग्न लागलं. माझ्या मते पुढच्या नऊ वर्षांचं राज्य याच पद्धतीने चाललं. मंगोल रिवाज जागेवर ठेवायचा आणि त्याला शरियतीची चौकट शोधून द्यायची.

टंकसाळ

वरच्या शेवटच्या वाक्याला नाण्यांचा भक्कम पुरावा आहे.

अर्गुनच्या चांदीच्या नाण्यावर उइघुर लिपीतला मंगोल मजकूर असतो: कागानाच्या नावाने अर्गुनने पाडलेलं. कागान म्हणजे चीनमधला सम्राट खान, इलखान त्याचा मांडलिक. गाझानच्या सुधारित नाण्यावर कागान गायब आहे. एका बाजूला कलमा. दुसऱ्या बाजूला उइघुर लिपीत 'तेंग्रीच्या बळाने गाझानने पाडलेलं' आणि त्याच बाजूला मधोमध अरबी लिपीत 'गाझान महमूद'. काही नाण्यांवर भर म्हणून कुबलाईच्या दरबारात घडवलेल्या फाग्सपा लिपीतली अक्षरंही आहेत. तेंग्री म्हणजे मंगोलांचं आकाशदैवत. एकाच नाण्यावर अल्ला आणि तेंग्री दोघेही. बाजारातल्या मुसलमानाने एक बाजू वाचायची, छावणीतल्या मंगोलाने दुसरी.

राजकीय परिणाम म्हणून बघाल तर हाच सर्वांत दूरगामी. चीनमधला कुबलाई १२९४ मध्ये वारला होता, त्याचा वारस इस्लामचा नाही. मुसलमान पादशाह बिगरमुसलमान सम्राटाचा मांडलिक म्हणवून घेणार कसा? म्हणून नाण्यावरून नाव काढलं. पण नातं तोडलं नाही, हे नीट पाहा. १२९८ च्या सुमारास गाझानचे वकील चीनला गेलेच, तिथल्या जहागिरीतला हुलागू घराण्याचा हिस्सा वसूल करणं हा त्यांच्या कामाचा भाग. आणि १३०२ मध्ये पोप बोनिफेस आठवा याला पाठवलेल्या मंगोल भाषेतल्या पत्रावर गाझानने चिनी अक्षरांचा शिक्काच उमटवला आहे.

वजनाचंही सांगतो, कारण नाणी पाहताना इथे गल्लत होते. गाझानने चांदीचा दिरहम अर्धा मिस्काल (वजनाचं जुनं माप) ठरवला, म्हणजे सुमारे २.१६ ग्रॅम. दोन दिरहमांचं नाणं ४.३ ग्रॅमच्या आसपास, आणि सहा दिरहमांचा 'दिनार' तीन मिस्काल, जवळपास १३ ग्रॅम. हा दिनार चांदीचा आहे. जुन्या सोन्याच्या दिनारशी त्याची गाठ घातलीत तर महसुलाचे सगळे आकडे चुकतील. दहा हजार दिनार म्हणजे एक तुमान. राज्याच्या सुरुवातीची नाणी या वजनात बसत नाहीत, सुधारणा नंतरची आहे. तेव्हा वजन जुळलं नाही म्हणून नाणं लगेच खोटं ठरवू नका.

शामचीवाट

दुसरा प्रश्न मी घेतो. 'दोघे मुसलमान, मग युद्ध का' यातलं गृहीतच तपासायला हवं. धर्मांतराने ममलूकांशी भांडण मिटलं नाही, गाझानला त्या भांडणात एक नवा दावा मिळाला.

आधी तो काफिर आक्रमक होता. आता तो 'पादशाह-ए-इस्लाम'. आता तो म्हणू शकत होता की मी चंगेझच्या कुळातला आणि मुसलमानही, तुम्ही बाजारात विकत घेतलेले गुलाम, हरमैन शरीफैनचे (मक्का-मदिनेचे) रखवालदार कसे? ममलूकांचं उत्तर ठरलेलं होतं. बगदादचा खलिफा १२५८ मध्ये तुझ्या पणजोबाने मारला, अब्बासी खलिफा आज आमच्या काहिरात आहे, आणि तुझ्या फौजेत आर्मेनियाचे आणि जॉर्जियाचे ख्रिस्ती लढतात. दोन्ही बाजूंचे मुद्दे खरे होते, म्हणूनच तडजोड होईना.

त्यातच १२९९ च्या उन्हाळ्यात ममलूकांच्या एका टोळधाडीने गाझानच्या हातात कोलीत दिलं. मार्दिनच्या मुलखात शिरून त्यांनी ऐन रमजानात लूट केली, मशिदीत दारू आणि व्यभिचार केल्याचा आरोप झाला. गाझानने उलेमांकडून फतवा घेतला आणि स्वारीला मुसलमानांच्या रक्षणाचं रूप दिलं. १२९५ आधीच्या कुठल्याही बिगरमुसलमान इलखानाला हे शक्य नव्हतं.

डिसेंबर १२९९ च्या अखेरीस हिम्सजवळ वादी अल-खझंदार इथे ममलूक सपशेल हरले. जानेवारी १३०० मध्ये दमास्कसच्या उमय्यद मशिदीत गाझानचं अभयपत्र वाचलं गेलं आणि जुम्म्याचा खुतबा (राज्यकर्त्याचं नाव घेऊन होणारं प्रवचन) त्याच्या नावाने झाला. कागदावर सगळं बिनचूक. प्रत्यक्षात सालिहिया उपनगर लुटलं गेलं आणि शहराकडून वसुली झाली. अरबी बखरींत खजिन्यात गेलेला आकडा ३६ लाख दिरहम असा येतो, मधल्या माणसांनी खाल्लेलं वेगळं. किल्ला तर हाती आलाच नाही. किल्लेदार अर्जुवाशने दार उघडलं नाही, उलट वेढ्याला आडोसा मिळू नये म्हणून भोवतालची घरं जाळून टाकली.

आणि फेब्रुवारीत गाझान परत गेला! लोक याचं कारण धर्मात शोधतात. कारण घोड्यांत आहे. मंगोल शिपाई एकटा घोडा घेऊन फिरत नाही, प्रत्येकामागे चार-पाच असतात, आणि ती चरून जगतात. शामची कुरणं हिवाळी पावसावर वाढतात आणि उन्हाळ्यात करपतात. मोठी फौज तिथे बारा महिने राहूच शकत नाही. ममलूक घोड्याला दाणा-वैरण देऊन ठाणबंद ठेवतात, ते मागे हटून थांबतात आणि वसंतात परत येतात. तेच झालं. १३००-०१ च्या हिवाळ्यात गाझानने पुन्हा फुरात (युफ्रेटिस) नदी ओलांडली तर पावसाने आणि थंडीने जनावरं मेली, लढाईविना परत. एप्रिल १३०३ मध्ये सरदार कुतलुगशाहने दमास्कसच्या दक्षिणेला मर्ज अस-सुफ्फर इथे लढाई दिली. संध्याकाळी मंगोल एका टेकडीवर चढले, तिथे पाणी नव्हतं. सकाळी ममलूकांनी ओढ्याकडची वाट मुद्दाम मोकळी सोडली, आणि तहानलेली माणसं-घोडी खाली उतरताच कापली. शामचा विषय तिथे संपला. मे १३०४ मध्ये गाझानही वारला.

कागदवाचक

आभारी आहे, घोड्यांचा मुद्दा कुठेच वाचला नव्हता. दोन उपप्रश्न. दमास्कसचा धर्मशास्त्री इब्न तैमिया याचे मंगोलांविरुद्धचे फतवे याच काळातले ना? गाझान मुसलमान असताना त्याच्याशी लढणं त्याने कशाच्या आधारावर योग्य ठरवलं? आणि मंदिरं-चर्चांचा मुद्दा राहिला.

शामचीवाट

हो, याच काळातले. ममलूक शिपायांची अडचण खरी होती: समोरची फौज अजान देते, तिच्यात काझी-इमाम आहेत, तिच्यावर हत्यार कसं उचलायचं? इब्न तैमियाचा युक्तिवाद असा की कलमा पुरेसा नाही. ही माणसं शरियत पूर्ण पाळत नाहीत, चंगेझच्या यासाला कायदा मानतात, चंगेझला पैगंबरांच्या बरोबरीने बसवतात, त्यांच्यात नमाज पढणारे थोडे आहेत. इस्लामच्या सुरुवातीच्या काळातले खारिजी (बंडखोर पंथाचे लोक) हेही कलमा पढत होते आणि त्यांच्याशी युद्ध झालंच, हा त्याचा दाखला. १३०३ ची लढाई रमजानात आली तेव्हा लढणाऱ्याने रोजा सोडावा असा फतवाही त्याने दिला, आणि शिपायांसमोर स्वतः खाऊन दाखवलं.

म्हणजे गाझानच्या धर्मांतराचा एक परिणाम त्याच्या राज्याबाहेर झाला. मुसलमान म्हणवणाऱ्या राजाविरुद्ध जिहाद करता येतो का, हा प्रश्न त्याच्यामुळे असा टोकाला गेला. तो युक्तिवाद पुढच्या शतकांत अनेकांनी आपापल्या कामाला लावला. मूळ संदर्भ मात्र दमास्कसच्या वेढ्याचा आहे आणि तो सोडून ते फतवे वाचले तर भलताच अर्थ निघतो.

नौबत

मंदिरं आणि चर्च. हुकूम ऑक्टोबर १२९५ चा, ताब्रीझमध्ये शिरल्याबरोबरचा, आणि त्यामागे नौरोझचा हात ठळक दिसतो. ताब्रीझ, बगदाद, मरागा इथे तोडफोड झाली. पूर्वेकडच्या सीरियाक चर्चचा कुलगुरू मार याहबल्लाहा तिसरा याला मराग्यात पकडून मारहाण झाली, पैसे उकळले. ख्रिस्ती आणि ज्यूंवर जिझिया आणि वेशाच्या खुणा आल्या.

मग हुकूम मागे घेतला, पण सगळ्यांसाठी नाही. कोणासाठी घेतला हे पाहिलं की राजकारण उघडं पडतं. आर्मेनियाचा राजा हेथुम दुसरा गाझानकडे गेला, चर्चसाठी रदबदली केली, ती ऐकली गेली. आर्मेनिया आणि जॉर्जिया शामच्या लढाईत फौज देत होते. त्यांना दुखवून चालणार नव्हतं. कुलगुरूलाही पुढे सनद आणि मान परत मिळाला. बौद्धांच्या मागे मात्र फौज देणारा कुणीही राजा नव्हता. त्यांची मंदिरं पाडली ती पाडलीच. बख्शींना सांगण्यात आलं की मनापासून मुसलमान व्हा, नाहीतर हिंद, काश्मीर, तिबेट, जिथले असाल तिथे निघून जा. इराणातला बौद्ध धर्म त्यानंतर उठला नाही. गाझानच्या बापाने बांधलेल्या मंदिराचीही गय झाली नाही. बायकांनी निदान भिंतींवरच्या अर्गुनच्या चित्रांसाठी तरी ते राखा म्हणून विनवलं, असं गाझानचा वजीर रशीदुद्दीन याच्या इतिहासात आहे.

नौरोझचं काय झालं हे यालाच जोडून. १२९६ च्या सुरुवातीला सोगे वगैरे राजपुत्रांनी नौरोझला आणि गाझानला मारायचा कट केला, तो फसला आणि देहदंडाचं सत्र सुरू झालं. त्याच सुमारास बायदूच्या बाजूचे सुमारे १०,००० ओइरात शामकडे पळाले. ते मुसलमान झालेले नव्हते आणि ममलूक सुलतान कितबुघाने स्वतः मंगोल असल्याने त्यांना डोक्यावर घेतलं, त्यामुळे काहिरात त्याच्याविरुद्ध असंतोष वाढला. १२९७ मध्ये मात्र नौरोझवरच ममलूकांशी संधान बांधल्याचा आरोप आला. तो हेरातला तिथल्या कर्त घराण्याच्या मलिकाच्या (स्थानिक राजाच्या) आश्रयाला गेला. मलिकाने त्याला कुतलुगशाहच्या हवाली केलं आणि ऑगस्टमध्ये त्याचं मुंडकं उडालं. ज्याने पादशाहला मुसलमान केलं तो दोन वर्षांत संपला. ख्रिस्त्यांवरचा ताण त्यानंतर आणखी सैलावला.

महसुली

कारभाराचं राहिलंय, आणि मला तर हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो.

गाझान आला तेव्हा खजिना रिकामा होता. १२९४ मध्ये गेखातूच्या वजिराने चिनी धर्तीवर ताब्रीझमध्ये कागदी चलन काढलं, दुकानदारांनी माल लपवला, बाजार ओस पडला आणि दोनेक महिन्यांत ते गुंडाळावं लागलं. मागच्या वसुलीची तऱ्हा अशी की एकाच गावावर वर्षात कितीतरी वेळा वराती (वसुलीच्या चिठ्ठ्या) निघायच्या, म्हणून रयत गाव सोडून पळायची. १२९८ पासून सादुद्दीन सावजी आणि रशीदुद्दीन या वजिरांच्या हातून जे फर्मान निघाले त्यांत कर वर्षातून ठरलेल्या हप्त्यांत घ्यायचा, आणि गावाचा दर लाकडी फळीवर, दगडावर, तांब्याच्या पत्र्यावर किंवा चुन्याच्या भिंतीवर कोरून सर्वांना दिसेल असा लावायचा, असं ठरलं. एकदा कोरलेला आकडा वसुलदाराला बदलता येत नाही, त्यातली गोम ती.

वजनं ताब्रीझच्या मापाने एकसारखी केली: लोखंडी, अष्टकोनी, शिक्का मारलेली, २६० दिरहमांचा एक मन. डाकेच्या मुख्य वाटांवर दर तीन फर्संगांवर (फर्संग म्हणजे सुमारे सहा किलोमीटर) चौकी आणि १५ घोडे, म्हणजे एलचींनी (सरकारी दूतांनी) गावकऱ्यांची जनावरं ओढून न्यायचं कारण उरू नये. काझींना हुकूम की ३० वर्षांहून जुना दावा ऐकायचा नाही. जमिनीचे जुने बाद झालेले कागद काझीसमोर 'न्यायाच्या तस्तात', म्हणजे पाण्याने भरलेल्या परातीत, धुवून टाकायचे. एका जमिनीची दोन खरेदीखतं फिरवून भांडणं लावणाऱ्यांचा धंदा यामुळे बसला. शाई पाण्यात गेली की कागद कोरा. इतका साधा, इतका पक्का उपाय दुसरा नसेल.

यात धर्मांतराचा संबंध कुठे? काझी, वक्फ, शरियतीचे दाखले ही तयार यंत्रणा गावोगाव होती, पण काफिर राजाला ती आपली म्हणून वापरता येत नव्हती. गाझानला आली. सैन्याला मात्र पगाराऐवजी १३०३ मध्ये इक्ता, म्हणजे जमिनी द्याव्या लागल्या, आणि तीस वर्षांच्या आत पळालेल्या रयतेला परत आणून त्याच जमिनीला जखडायची मुभाही त्यात होती. सुधारणांचं कौतुक करताना हे झाकू नये. शिवाय हे सगळं आपल्याला सांगणारा रशीदुद्दीन स्वतःच वजीर आहे. फर्मानाचा मजकूर त्याच्याकडून घ्या, अंमल किती झाला हे त्याच्या शब्दावर नको.

पूर्वसीमा

दोन तुलना जोडतो, म्हणजे गाझानचं वेगळेपण दिसेल.

सुवर्ण टोळीचा, म्हणजे व्होल्गाकाठच्या मंगोल राज्याचा, बर्के खान त्याच्या चाळीसेक वर्षं आधीच मुसलमान झाला होता, बुखाऱ्याच्या शेख सैफुद्दीन बाखर्झीच्या प्रभावाने. १२६२ मध्ये त्याने चुलतभाऊ हुलागूशी युद्ध केलं आणि ममलूक सुलतान बैबर्सशी दोस्ती जमवली. खलिफाचा खून हे कारण सांगितलं जातं, पण अर्रान-अझरबैजानची कुरणं कोणाची हा झगडा आधीचा होता, आणि गाझान मुसलमान झाल्यावरही तो मिटला नाही. मध्य आशियातल्या चघताई या मंगोल मुलुखातल्या तर्माशिरीनचं उलट झालं. तो १३३१ मध्ये खान झाला, कडवा मुसलमान. पण पूर्वेकडच्या अल्मालिकच्या बाजूला फिरकायचा नाही, वार्षिक मेळावा भरवायचा नाही. तिथले अमीर अजून मुसलमान नव्हते. यासा मोडला म्हणून त्यांनी १३३४ मध्ये त्याला उलथवलं. गाझान फौजेच्या पावलाशी पाऊल जुळवून चालला, हा तिच्या फार पुढे गेला.

दिल्लीवरच्या स्वाऱ्यांशी गाझानचा संबंध जोडू नका, ही चूक आपल्याकडे फार होते. १२९९ चा कुतलुग ख्वाजा आणि १३०३ चा तरघाई हे चघताईंकडचे, गाझानचे वैरी. अलाउद्दीन खलजीच्या पदरी असलेले 'नवमुस्लिम' मंगोलही त्याच्या हाताखालचे नव्हेत. त्यातले बरेच १२९२ मध्ये जलालुद्दीनच्या वेळी धर्म बदलून दिल्लीजवळ वसले होते, आणि त्यांनीच १२९९ मध्ये गुजरातच्या लुटीच्या वाटणीवरून जालोरजवळ बंड केलं.

शामचीवाट

तहाचं राहिलं होतं. ममलूकांशी कायमचा तह १३२३ मध्ये झाला, गाझानचा पुतण्या अबू सईद याच्या वेळी, म्हणजे धर्मांतरानंतर २८ वर्षांनी. बोलणी एका व्यापाऱ्यामार्फत झाली. अटी व्यवहाराच्या: एकमेकांकडे मारेकरी फिदाई पाठवायचे नाहीत, पळून आलेले अमीर परत मागायचे नाहीत, सरहद्दीवर टोळ्यांना धाडी घालायला लावायचं नाही, व्यापाऱ्यांची वाट मोकळी ठेवायची, आणि हजला जाणाऱ्या इराकच्या काफिल्यात दोन्ही बाजूंची निशाणं असायची.